मंडळीनंही दशमांश द्यावा

रविवारची उपासना संपली की मागच्या खोलीतल्या टेबलावर अर्पणाच्या पिशव्या उपड्या केल्या जातात. सहा वर्षं मी आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार होतो. तिघांनी मिळून मोजायचं आणि तिघांनी वहीत सह्या करायच्या, असा नियम. नाणी वेगळी, सुट्या नोटा वेगळ्या, पाकिटं वेगळी. सुट्या नोटेवरून देणारा कळत नाही, पाकिटावरून कळतो. त्यातलं एक पाकीट आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. ते एका खानावळीत चपात्या लाटणाऱ्या मावशींचं. जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट उलटं करून खळीनं चिकटवलेलं, वर पेन्सिलीनं महिन्याचं नाव, आत सातशे रुपये. नोटांच्या घडीत पिठाची पांढरी रेघ. मावशींना त्या वेळी महिन्याला सात हजार मिळायचे. दहावा हिस्सा, पैशाचाही फरक नाही.

ते सातशे रुपये मी वहीत जमा धरायचो. वर्षअखेरीला जमाखर्च मांडला की ते कुठं गेले हेही दिसायचं: पाळकांचा, म्हणजे धर्मगुरूंचा पगार, वीजबिल, रंगकाम, नाताळचा मंडप, खुर्च्या. हे सगळं रीतसर होतं आणि एका पैशाचाही घोटाळा नव्हता. पण एका वर्षी ताळेबंद टाइप करताना माझी बोटं थांबली. ‘गरजूंना साहाय्य’ या सदराखालची रक्कम ध्वनिक्षेपकाच्या दुरुस्तीपेक्षा कमी होती. ध्वनिक्षेपक दुरुस्त करू नये असं मला म्हणायचं नाही. पण मावशींचे सातशे रुपये ज्याच्या नावानं आले, त्याच्या आवडत्या माणसांपर्यंत त्यातलं किती पोचलं, या प्रश्नाचं उत्तर माझ्याच हस्ताक्षरात समोर होतं.

दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला देणं. तो आजच्या ख्रिस्ती माणसाला बंधनकारक आहे की नाही, हा वाद आमच्यात जुना आहे. तो मला अलीकडे दुय्यम वाटू लागलाय. माझं म्हणणं एवढंच आहे: जी मंडळी आपल्या सभासदाकडून दशमांश मागते, तिनं स्वतःच्या जमेचा दशमांश आधी बाजूला काढून आपल्या भिंतीबाहेरच्या गरजवंताला द्यावा, आणि तो आकडा सूचना फलकावर लावावा. हे मी मनानं काढलेलं नाही, पवित्र शास्त्रात लिहिलेलं आहे. फक्त ते व्यासपीठावरून क्वचितच वाचलं जातं.

गणना या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात दशमांशाची व्यवस्था येते. इस्राएलाच्या बाकीच्या वंशांना जमीन मिळाली, लेवी वंशाला मिळाली नाही. ते निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या मंडपाची सेवा करणार, म्हणून इतरांनी आपल्या पिकाचा दहावा हिस्सा त्यांना द्यायचा. आपल्याकडच्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. खळ्यावर धान्याची रास पडली की तिथूनच बलुत्याचा वाटा बाजूला निघायचा, हे आपल्या आज्यांनी पाहिलेलं आहे. पण त्याच अध्यायात, सव्विसाव्या वचनात, पुढची आज्ञा आहे: लेव्यांनीही मिळालेल्या दशमांशाचा दशमांश काढायचा. जो घेतो त्यानंही द्यायचं. घेणाऱ्याला सूट नाही.

अनुवाद या पुस्तकाचा चौदावा अध्याय तर याहून पुढं जातो. दशमांश घेऊन कुटुंबासह देवासमोर जा, बसून जेवा, आनंद करा, असं तिथं सांगितलंय. आणि दर तिसऱ्या वर्षी तो सगळा दशमांश आपल्याच गावाच्या वेशीत साठवायचा. कुणासाठी? लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. त्यांनी येऊन पोटभर खावं यासाठी. म्हणजे ज्या व्यवस्थेचा आम्ही हवाला देतो, त्या व्यवस्थेत विधवा ही घेणारी आहे. आमच्या वहीत ती फक्त देणारी होती.

आणखी एक गोष्ट. तो दशमांश पिकाचा आणि जनावरांचा होता. लेवीय पुस्तकात म्हटलंय की काठीखालून जाणारं दर दहावं जनावर देवाचं. आमच्या भागात धनगर वाड्यातून मेंढ्या सोडताना एकेक करून मोजतात, ते मी लहानपणी पाहिलंय. ज्याच्याकडे नऊच मेंढ्या आहेत, त्याच्या काठीखालून दहावी जातच नाही. ज्याला शेत नाही त्याची रासही नाही. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या हातातलं दहावं नाणं मोजून घ्या, असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही.

मग हे सगळं असताना, दहा टक्के प्रत्येकाचे, हातात येणारे की कपातीआधीचे, यावर आमचे तासन् तास का जातात? माझ्या माहितीतल्या एका शेतकरी भावाचं ऊसबिल बँकेत येतं ते सेवा सोसायटीचं पीककर्ज वळतं होऊनच. त्यानं एकदा पाळकसाहेबांना विचारलं, दशमांश बिलाच्या आकड्यावर काढू की पासबुकातल्या? प्रश्न प्रामाणिक होता. पाळकसाहेबांनीही प्रामाणिकपणे सांगितलं, ‘मनात ठरवा तसं द्या.’ प्रेषित पौलानं करिंथ इथल्या मंडळीला, करिंथकरांना, हेच लिहिलंय. दुःखी मनानं नको, भाग पडतं म्हणून नको, संतोषानं देणारा देवाला प्रिय असतो.

दुर्दैवानं सगळीकडे असं सांगितलं जात नाही. माझी चुलत बहीण इचलकरंजीत राहते, तिचे यजमान यंत्रमागावर. तिनं बचत गटातून पन्नास हजारांचं कर्ज काढलं, शिवणयंत्र आणि पोराची फी यासाठी. भाड्याच्या हॉलमध्ये प्रार्थना घेणाऱ्या एका उपदेशकानं तिला सांगितलं, हातात येतं ते सगळं आशीर्वादच असतं, पहिला हिस्सा देवाचा. पाच हजार पेर, पन्नास हजार उगवतील. तिनं पाच हजार दिले. कर्जाचा दशमांश! त्या पाच हजारांचं व्याज ती दोन वर्षं फेडत होती. मला कळलं तेव्हा मी तिच्यावर ओरडलो, आणि त्याची मला आजही खंत आहे, कारण चूक तिची नव्हती. विश्वासानं आलेल्या बाईला हिशेब चुकीचा शिकवला गेला होता.

‘पेरा म्हणजे उगवेल’ हे वचन जिथून घेतात, तो करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा-नववा अध्याय एकदा पूर्ण वाचावा, अशी माझी प्रत्येक सभासदाला विनंती आहे. ती वर्गणी यरुशलेमेतल्या गोरगरिबांसाठी चालली होती. पौल स्वतःसाठी एक दमडी मागत नाही. उलट एवढी मोठी रक्कम आपण नेतोय, तर कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसं तो सोबत घेतो. देवासमोरच नव्हे, माणसांसमोरही चोख असलं पाहिजे, असं तो स्पष्ट लिहितो. आमच्या तीन सह्यांच्या नियमाचं मूळ मला तिथं दिसतं.

मलाखी या पुस्तकाचंही तसंच. ‘दशमांश कोठारात आणा’ हे तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचन भिंतीवर रंगवलेलं मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. त्याच अध्यायाचं पाचवं वचन रंगवलेलं कुठं पाहिलं नाही. त्यात देव म्हणतो, मजुराची मजुरी दाबणाऱ्या, विधवा आणि पोरक्यांवर जुलूम करणाऱ्या, उपऱ्याचा हक्क बुडवणाऱ्या लोकांविरुद्ध मी साक्षीदार म्हणून उभा राहीन. मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातही हेच. गरीब विधवा दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी कमी किमतीची दोन नाणी, टाकते, त्या ओळीवर दरवर्षी उपदेश होतो. तिच्या लगेच वर, चाळिसाव्या वचनात, येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोलून गेलेला असतो. दोन्ही ओळी एकत्र वाचल्या तर त्या टोल्यांकडे नुसतं कौतुकानं बघता येत नाही. तिच्याकडे दोनच का उरल्या, असा प्रश्न पडतोच.

युरोपात दशमांशाचं काय झालं हे थोडक्यात सांगतो, कारण धडा तिथंही आहे. ५८५ साली फ्रान्समधल्या माकों इथल्या धर्मसभेनं तो न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली. पुढं राजसत्तेनं तो वसूल करायला सुरुवात केली. गरिबांचा वाटा मागं पडला आणि शेतकऱ्याच्या मनात चीड साठत गेली. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत, १७८९ साली, जे पहिल्या फटक्यात गेलं त्यात दशमांश होता. इंग्लंडात त्याचं आधी, १८३६ साली, पैशातल्या आकारणीत रूपांतर झालं आणि १९३६च्या कायद्यानं तीही मोडीत निघाली. जबरदस्ती आली की दान संपतं. हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन मोडलं, ते वतनाच्या नावाखाली अख्ख्या घराला राबवून घेणारी गुलामी संपावी म्हणून. आमच्यातली कितीतरी कुटुंबं त्याच वस्त्यांतून मंडळीत आली. त्यांच्या नातवंडांना देवाच्या नावानं पुन्हा सक्तीचा वाटा मागणं मला सहन होत नाही.

या बाजूनं बोलताना दुसरी बाजू लपवणं बरोबर नाही. मी एकदा मावशींना म्हणालो होतो, सातशे नका देऊ, शंभर द्या, देवाला पोचतात. त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, ‘सर, मी काय मागतकरीण हाय व्हय? माझ्या देवाला मी किती द्याचं, ते तुमी कोण ठरवणार?’ मी गप्प बसलो. त्या बरोबर होत्या. देणं हा गरिबाचाही मान आहे, तो काढून घेण्याचा मला अधिकार नव्हता. मिझोरममधल्या ख्रिस्ती बाया शंभराहून अधिक वर्षं स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढत आल्या आहेत. त्याला तिथं ‘बुहफाई थम’ म्हणतात, आणि त्या मुठींवर तिथल्या मंडळ्यांचं मोठं काम उभं राहिलं. आपल्याकडे कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी मूठभर धान्याच्या मुष्टिफंडावर गोरगरिबांची पोरं शिकवली. पण फरक पाहा. मुष्टिफंडात मूठ देणाऱ्या बाईला आपली मूठ कुठं गेली हे दिसत होतं. बोर्डिंगातलं पोर जेवताना दिसत होतं. मावशींचा आकडा कमी करणं हे आमचं काम नाही. त्यांच्या आकड्याला शोभेल असा आमचा खर्च असणं, हे आमचं काम आहे.

शेजारधर्मांकडे पाहिलं तरी हेच जाणवतं. आमच्या गल्लीत जैन घरं बरीच आहेत. दान म्हटलं की त्यांच्याकडे आहार, औषध, शास्त्र आणि अभय, असे चार प्रकार लहान पोरही सांगतं. म्हणजे काय द्यायचं हे आधी ठरलेलं. मुसलमान बांधवांची जकात अडीच टक्के, पण ती ठरावीक मर्यादेवर साठलेल्या संपत्तीवर. ज्याच्याकडे साठत नाही त्याला ती लागत नाही, आणि ती कुणाकुणाला द्यायची ते आठ वर्ग कुराणातच नेमून दिलेत. आम्ही मात्र ‘किती’ पक्कं धरलं आणि ‘कुणासाठी’ सैल सोडलं.

असं का झालं, याला इतिहास आहे. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळा काढल्या. डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेचं इस्पितळ उभारलं. त्या काळात अमेरिकेतल्या मंडळ्यांतून बायका घरी एक छोटी पेटी ठेवायच्या, मिशनसाठी नाणी टाकायला. इंग्रजीत तिचं नावच त्या विधवेच्या टोलीवरून पडलं होतं. ज्यांना कधी पाहणार नव्हत्या, अशा परक्या मुलखातल्या माणसांसाठी त्यांनी दिलं. आम्ही त्या पैशावर शिकलो, बरे झालो, उभे राहिलो. मग मिशनचा हात आखडला आणि मंडळ्यांना स्वावलंबी व्हायला सांगण्यात आलं. पाळकांचा पगार आता आपणच द्यायचा, छप्पर आपणच शाकारायचं. दशमांशाची शिकवण जोर धरू लागली ती या गरजेतून. ते योग्यच होतं. पण स्वतःच्या पायावर उभं राहण्याच्या धडपडीत, आपणही कुणाच्या तरी भिंतीबाहेरच्या दानावर वाढलो, हे मागं राहिलं.

माझ्याकडूनही ते मागं राहिलं होतं. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी चढतच राहिलं. महामार्ग बंद पडला, चिखली-आंबेवाडीची माणसं बाहेर काढावी लागली. शहरातल्या तालमींनी चुली पेटवल्या, खेड्यांतून भाकऱ्यांच्या दुरड्या येऊ लागल्या. आमच्या मंडळीची एक मुदत ठेव होती, नव्या फरशीसाठी राखलेली. तातडीची सभा भरली. ठेव मोडून पूरग्रस्तांना द्यावी का, यावर दीड तास बोलणं झालं. घटनेत तशी तरतूद नाही, व्याज बुडेल, फरशीचा ठराव आधीच मंजूर आहे, असे मुद्दे आले. ठेव मोडायच्या विरोधात सगळ्यांत मुद्देसूद कोण बोललं असेल तर मी, खजिनदार म्हणून. शेवटी सभासदांनी आपापल्या खिशातून वर्गणी काढली, तांदूळ आणि चादरी घेतल्या, तरुणांनी त्या छातीएवढ्या पाण्याच्या कडेपर्यंत नेऊन दिल्या. लोक कमी पडले नाहीत, मंडळीची तिजोरी कमी पडली. पुढच्या वर्षी फरशी बसली. सुंदर आहे. तिच्यावर उभं राहून अर्पणाचं गीत म्हणताना मला ती सभा आठवते.

दशमांशाचा दशमांश आधीच बाजूला काढलेला असता, तर त्या रात्री ठराव, घटना आणि व्याज यांचा प्रश्नच आला नसता. वर्षाला नऊ लाख जमा होणाऱ्या मंडळीजवळ नव्वद हजार या एकाच कामासाठी हाताशी असते. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात गावाकडून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक व्हरांड्यात रात्र काढतात. त्यांचं जेवण, बाहेरून आणायची औषधं, शिरोलीच्या फौंड्रीत बोट गेलेल्या कामगाराच्या घरचा एक महिन्याचा किराणा, एखाद्या मुलीची परीक्षा फी, एवढ्याला ती रक्कम पुरते. अफाट काही नाही, पण दरवर्षी होईल.

यावर जे आक्षेप येतात ते मला ठाऊक आहेत, कारण त्यातले काही मीच घेत होतो. पाळकांचा पगार आधीच कमी आहे, त्यात कपात करायची का? नाही, करू नये. ज्यानं आयुष्य सेवेला दिलं त्याच्या पोराची फी थकणं ही मंडळीची लाज आहे, आणि लेव्यांचा वाटा त्यांना पूर्ण मिळालाच पाहिजे. कपात करायची तर ती रंग, मंडप आणि खुर्च्यांत करावी. छोट्या खेड्यातल्या मंडळीची महिन्याची जमाच दोन हजार, ती काय देणार? दोनशे रुपये. तिच्या दोनशेला शहरातल्या नव्वद हजारांपेक्षा जास्त वजन आहे, हे दोन टोल्यांच्या गोष्टीवरून आम्ही इतकी वर्षं शिकवतोच आहोत.

तिसरा आक्षेप जड आहे. बाहेरच्यांना मदत केली की धर्मांतराचा आरोप होतो, मग उगाच अंगावर कशाला घ्या? ही भीती खोटी नाही, मी ती लोकांच्या डोळ्यांत पाहिली आहे. पण तिच्यावरचं औषध हात आखडणं हे नव्हे. मदतीसोबत पत्रक नको, प्रार्थनेची अट नको, फोटो नको. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे येशूनंच सांगितलंय. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव झाकलेलं राहू द्यावं. जमा किती, बाहेर किती, एवढे आकडे मात्र सगळ्यांना दिसले पाहिजेत. स्थानिक अर्पण हा आपला स्वतःचा कष्टाचा पैसा आहे, त्याला परदेशी निधीचा कायदा लागत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५०च्या कायद्यानुसार नोंदणीकृत न्यासाला हिशेब ठेवून तपासून घ्यावेच लागतात. मग तपासलेला हिशेब कपाटात ठेवण्याऐवजी दाराशी लावायला हरकत कसली? जो उपदेशक भाड्याच्या हॉलमध्ये कर्जाचा दशमांश घेतो त्याला हे जमणार नाही, आणि लोकांना फरक तिथंच कळेल.

आमच्या वहीत डाव्या पानावर जमा आणि उजव्या पानावर खर्च असतो. उजव्या पानाची पहिली ओळ आजवर पाळकांच्या पगाराची असते. ती दुसरी व्हावी आणि पहिल्या ओळीवर जमेचा दहावा हिस्सा मंडळीबाहेरच्या गरजूंसाठी लिहिला जावा, असा ठराव येत्या वार्षिक सभेसाठी मी चिटणीसांकडे दिला आहे. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदक म्हणून मावशींनी सही केली, पहिल्यांदा पेन्सिलीनं. चिटणीस म्हणाले चालणार नाही, तेव्हा माझं पेन मागून घेऊन त्यांनी त्याच सहीवरून पुन्हा गिरवलं.